थेंबापुरती वाट

सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर टेकवून दुसरं तिनं कानाला लावलं, आणि पाणी बोललं नाही. झालं ते एवढंच. चपलांच्या दुकानासमोरचा कोपरा होता, शटरं अजून खालीच होती, रस्त्याच्या कडेला काळपट ओला डाग पसरला होता आणि मुकादम तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. "बाई, इथं तर पायाला लागतंय," तो म्हणाला. "थांबा जरा," ती म्हणाली, आणि काहीतरी नीट बसवल्यासारखं करत तिनं सळई उजव्या कानावरून डाव्या कानाकडे नेली. आता पाणी बोललं. कागदावर बारीक वाळू ओतत राहावी तसा तो आवाज, अर्ध्या आयुष्याच्या ओळखीचा. तिनं सळई पुन्हा उजवीकडे नेली. लोखंड मुकं झालं. "आहे. हातभर पुढं खणा," ती म्हणाली. खणल्यावर पाइप बरोबर तिथंच फुटलेला निघाला, मुकादमानं सवयीनं मान डोलावली आणि दिवस पुढे गेला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नवा माणूस आला की साहेब तिची ओळख करून द्यायचे, "ह्या आमच्या खात्याचा कान." त्या दिवशी कचेरीत परतल्यावर तिनं सळई कोपऱ्यात उभी केली, तोंडावर पाणी मारलं आणि रजेचा अर्ज लिहिला. नवरा दर वर्षी म्हणायचा की एकदा बोटीनं किनाऱ्या-किनाऱ्यानं दक्षिणेच्या टोकापर्यंत जाऊ, आणि ती दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "जाऊ या." नवऱ्यानं वर पाहिलं, आणि कारण विचारलं नाही. की विचारलं होतं? तो टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला, म्हणजे तिच्या उजव्या हाताला बसला होता, आणि आता तिला ते काही सांगता आलं नसतं.

रजा मिळून बोट निघायला वर्ष गेलं, आणि आता ती त्याच बोटीच्या पोटात मागच्या टोकाला पालथी पडून, वाकड्या तारेनं जळकी दोरी उकरून काढत होती. या बंदराच्या उतारावर बोट कोरड्यावर ओढून, दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू देऊन उभी केली होती. पाण्याबाहेर आलेली बोट ओशाळल्यासारखी दिसते, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. जे कुणी बघायचं नसतं ते सगळं उघड्यावर. इंजिनाचा दांडा बोटीच्या आतून निघतो आणि बाहेर समुद्रात पंखा फिरवतो, म्हणजे बोटीला जन्मापासून एक भोक असतंच. त्या भोकात दांड्याभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे दाबून बसवतात आणि वरून नट आवळतात. याला ग्लँड म्हणतात. ग्लँड हा शब्द ती रोज वापरत होती. शहरातल्या प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हला ग्लँड असते, ती गळायला लागली की पाना लावायचा आणि थेंब थांबेपर्यंत आवळायचं, काम संपलं. फिरत्या दांड्याची ग्लँड वेगळी असते, तिच्यातून अधूनमधून थेंब पडावाच लागतो, त्या थेंबानंच दांडा थंड राहतो, हे पंपहाऊसच्या माणसांना ठाऊक असतं. पण पंपहाऊस वेगळं खातं. तिच्या खात्यात थेंब म्हणजे चोर. तिनं बोटीतला चोर पकडला, दोन्ही हातांनी पाना ओढून त्याला गप्प केलं, आणि दुपारी भर समुद्रात जळका वास आला.

"वहिनी, याचा तर कोळसा झालाय की!" वरून फिटर म्हणाला. तो या बंदराचा एकमेव फिटर होता, आणि हाती आलेल्या प्रत्येक बिघाडाकडे तो पाहुणा आल्यासारखा आनंदानं बघायचा. "कुणी आवळलं हो एवढं?"

"मी."

"हात भारी आहे तुमचा. घरातल्या बरण्यांची झाकणं तुम्हीच लावता वाटतं? मग उघडायला सुतार बोलवावा लागत असेल!"

एरवी नवऱ्यानं यावर काहीतरी म्हटलं असतं, कारण सुतार तोच होता. तंत्रशाळेत त्यानं तीस वर्षं पोरांना रंधा धरायला शिकवलं होतं, आणि ही बोट कुणाच्या तरी परसात कोंबड्या निजवायच्या कामी लागली असताना उचलून आणून, सुट्टी-सुट्टीला एकेक फळी बदलत उभी केली होती. तो वर फळीवर पाय सोडून बसला होता. त्याच्या वहाणा तिला दिसत होत्या. वहाणा हलल्या नाहीत.

त्या सकाळचं तिला सगळं आठवत होतं, फक्त आवाज सोडून. मागचं बंदर सोडताना इंजिन चालू होतं, ती खाली डोकं घालून ग्लँडपाशी बसली होती, तो वर सुकाणूपाशी, तिच्या उजव्या खांद्यामागे. त्याचे ओठ हलले असणार. ती सहज मान डोलावून मोकळी झाली. वर्षभरात तिनं होकाराचे चांगले चार-पाच प्रकार तयार केले होते: एक घाईतला, एक विचार करून दिल्यासारखा, एक हसून, आणि एक डोळे मिटून, जो दुःखाच्या बातमीलाही चालायचा. त्या सकाळी तिनं घाईतला वापरला. नंतर, इंजिन बंद करून, धुरातून डोळे पुसत तो म्हणाला, तेव्हा समोर उभा होता म्हणून तिला स्वच्छ ऐकू आलं, "थेंब पडू दे, गच्च करू नकोस, असं सांगितलं होतं ना तुला? तू मान डोलावलीस. आणि तुला हवं तेच केलंस. नेहमीसारखं." समुद्र तेव्हा शांत होता. शेजारून जाणारी एक मोठी पांढरी बोट थांबली, तिनं दोर टाकला आणि त्यांना ओढत या बंदरात आणलं, आणि वाटेत दोन्ही बोटींवरची माणसं हात हलवून एकमेकांना धीर देत राहिली. पण तो शेवटचा शब्द काही सुटला नाही. नखात कुसळ जावं तसा तो आत गेला होता. नेहमीसारखं. म्हणजे त्याच्यापाशी आणखीही उदाहरणं होती, तो ती साठवत आला होता; आणि त्या प्रत्येक वेळी ती कुठं होती? त्याच्या शेजारीच होती. उजव्या कानाच्या अंगाला बसलेल्या माणसाच्या शेजारी.

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. मला ऐकू आलं नाही, एवढं एकच वाक्य. पण ते वाक्य तोंडाशी आलं की त्याच्यामागून कचेरी यायची, सळई यायची, साहेबांची ती ओळख करून देण्याची पद्धत यायची, आणि आतल्या खोलीतलं ते टेबल यायचं, जिथं डोळ्यांनी अधू झालेला जुना नकाशेवाला निवृत्तीपर्यंत नुसता बसून होता आणि सगळे त्याच्याशी मोठ्यानं, गोड बोलायचे. डोळे गेले होते त्याचे, कान नव्हे. तरी लोक मोठ्यानंच बोलायचे. आपणही त्याच्याशी तसंच बोललेलं तिला आठवत होतं.

नवी दोरी यायची होती, दांडा घासून गुळगुळीत व्हायचा होता, आणि बाहेर समुद्रही उसळला होता, त्यामुळे पांढरी बोटही अडकून पडली होती. तिचे मालक म्हणजे कप्तान. हयात त्यांची बेकरीत गेली होती, पाव भाजण्यात. कप्तान हे नाव त्यांनी टोपी घेतली त्या दिवसापासून पडलं होतं. त्यांच्या बाईंना सगळे काकू म्हणत. संध्याकाळी उतारावर पालथ्या होडीच्या पाठीवर किटली ठेवली जायची, पेटीची, डब्याची, दोरखंडाच्या वेटोळ्याची आसनं व्हायची आणि गप्पा सुरू व्हायच्या. अडकलेली माणसं भराभर जवळ येतात. कप्तान भरती-ओहोटीवर बोलायचे आणि उदाहरणं पिठाची द्यायचे. फिटर इतरांच्या बोटी कशा बुडाल्या ते सांगायचा. काकू मात्र पहिल्या संध्याकाळपासून तिच्या उजव्या हाताला येऊन बसल्या, अगदी खेटून, आणि हलक्या आवाजात, फक्त तिच्यासाठी, बोलत राहिल्या. तिला कुजबुजीतलं काहीच मिळत नव्हतं. एक ऊबदार फुंकर मिळायची, वेलचीचा वास मिळायचा, आणि मांडीवर मधूनच पडणारा हात. हात पडला की ती डोळे मिटून होकार द्यायची. काकू उसासा टाकायच्या. कप्तानांच्या विनोदावर लोक हसले की ती त्यांचे दात बघून हसायची, किंचित उशिरा, आणि समोरून नवरा तिच्याकडे बघत असायचा. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर परवडला असता. तो असा बघायचा जसं एखादी फळी कुठून पोकळ झाली ते बघतात.

दिवसा ती काम करायची. बोटीच्या बुडाला शिंपल्यांची जाड खपली धरली होती, ती खरवडायची, मग घासायची, मग लाल रंग लावायचा. फळ्यांच्या मधल्या फटी वाऱ्यानं रुंदावल्या होत्या. एका फटीत तिचं नख जायचं. तिनं पुट्टी मागितली तर नवरा म्हणाला, "भरू नकोस. पाण्यात गेली की लाकूड फुगतं, फट आपली आपण मिटते. आत्ता भरलीस तर फुगायला जागा राहत नाही, फळीच उचकटते." तो समोरून बोलला होता म्हणून ऐकू आलं. एवढं सरळ, मोकळं वाक्य तो कितीतरी दिवसांनी बोलला होता. तिला वाटलं, आता. ती हातातला रंगाचा ब्रश खाली ठेवणार, तोच तो म्हणाला, "एक सांगतो. बोट इथंच ठेवू. फिटरच्या शेडमध्ये जागा आहे, त्याच्याशी बोललोय. उद्या बस आहे."

"आणि टोक?"

"टोक कुठं पळून जात नाही."

"तूच तर इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं मीच," तो म्हणाला. "तेच म्हणतोय. तुला यायचं नव्हतं, तू आलीस. उपकार झाले. पण बोटीवर दोन माणसं असतात गं, आणि एकानं हाक मारली की दुसऱ्यानं ऐकायचं असतं. नाहीतर माणसं मरतात. घरात चालतं. इथं नाही चालत." मग तो वळला आणि पुढचं वाक्य बोटीच्या बुडाकडे तोंड करून बोलला, आणि ते तिला मिळालं नाही. ती तिथंच लाल हातांनी उभी राहिली. पायाखालच्या वाळूत रंगाचे ठिपके पडत होते. तिच्या खात्यात एक जुनी शिस्त होती: रस्ता उघडलास तर बुजवूनच हलायचं, अर्धा खड्डा टाकून कुणी घरी जात नाही, मग जेवायची वेळ टळो की साहेबांचा साहेब येवो. ती शिस्त ती कुणाकडून शिकली ते आता आठवत नव्हतं, पण तिच्या अंगात ती हाडासारखी होती. बसनं जायचं म्हणजे खड्डा उघडा टाकून जायचं. आणि त्या खड्ड्यात नवरा उभा होता, खालून काहीतरी बोलत होता, आणि ती वरून मान डोलावत होती.

"बस उद्या दुपारी आहे ना?" तिनं त्याच्या पाठीला विचारलं. "मग सकाळी बोट पाण्यात घालून बघू. इंजिन लावू. जमलं नाही तर बस आहेच."

त्यानं खांदे उडवले. तिनं तो होकार धरला.

दोरी संध्याकाळी आली. फिटरला ती म्हणाली, "तुम्ही बसा, मी करते. चुकले तर बोला." दांड्याच्याच जाडीच्या एका गोल लाकडावर तिनं दोरी गुंडाळली आणि वेढे कापले, सरळ नव्हे, तिरपे, म्हणजे टोकं एकमेकांवर निजतात. मग एकेक वेढा आत सारला, प्रत्येकाचा सांधा वेगळ्या अंगाला येईल असा. सगळे सांधे एका ओळीत आले तर पाण्याला सरळ रस्ता मिळतो. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पाणी कसा विचार करतं हे तिला कळत होतं, ऐकू आलं नाही तरी. बोटांना दोरीचं ग्रीस लागत होतं, दांडा घासून आरशासारखा झाला होता आणि त्यात तिचं तोंड लांबट दिसत होतं. नट बसवला तेव्हा हात आपोआप पुढे जोर लावायला लागले. तिनं ते मागे घेतले. फिटर म्हणाला, "बास बास. आता बरणी उघडता येईल एवढंच." ती हसली, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा वेळेवर हसली, कारण तो डावीकडून बोलला होता.

सकाळी समुद्र निवला होता. बोट उतारावरून खाली गेली, पाण्याला टेकली आणि अंग सैल सोडल्यासारखी तरंगली. फटींतून पाणी आत यायला लागलं, ती पंपानं उपसत राहिली, आणि न्याहारीच्या सुमाराला ते कमी होत होत थांबलं. लाकूड फुगलं होतं. धक्क्यावर कप्तान टोपी घालून, काकू किटली घेऊन आणि फिटर हात खिशात घालून उभे होते, आणि धक्क्यावर उभ्या राहिलेल्या माणसांना असतो तसा तिघांनाही आपापला सल्ला होता. नवऱ्याची पिशवी भरून सुकाणूपाशी ठेवलेली होती. त्यानं इंजिन लावलं. बोट भरून आवाज झाला. दोर अजून धक्क्याला बांधलेले होते, तसाच त्यानं पंखा सुरू केला, आणि खाली तिच्या समोर दांडा फिरायला लागला. ती ग्लँडपाशी गुडघ्यांवर बसली. आणि तिला जाणवलं की वर कुणीतरी बोलतंय. फळीवर पडलेली सावली हलत होती. नवरा उजव्या खांद्यामागे उभा होता, त्याच जागी. कप्तानही वाकून काही ओरडत होते. काकू हातवारे करत होत्या. तिची मान हलायला लागली होती, घाईतला होकार, अर्ध्यावर आला होता. तिनं मान धरली. अक्षरशः, ग्रीसच्या हातानं, मानेमागे.

ती उठली, शिडीच्या दोन पायऱ्या चढली, डोकं बाहेर काढलं आणि इंजिनाच्या वर जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मला ऐकू येत नाहीये!"

"इंजिन बंद करू का?" कप्तान ओरडले.

"इंजिनामुळे नाही. माझा उजवा कान गेलाय. डाव्या बाजूनं बोला." मग ती नवऱ्याकडे वळली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, लग्नापासूनचा शिरस्ता, पण आता तेवढाही वळसा घालायला तिला सवड नव्हती. "त्या दिवशी तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नाही. मी नुसती मान डोलावली. वर्ष झालं, मी नुसती मान डोलावतेय."

त्यानं इंजिन बंद केलं. अचानक धक्क्याला पाणी लागल्याचा आवाज आला, तिला एका बाजूनं. मग काकूंनी किटली खाली ठेवली.

"अगं बाई! म्हणजे मी इतक्या संध्याकाळी तुमच्या त्या कानात सुनेची गाऱ्हाणी ओततेय ती कुठं गेली? मी तर यांना म्हटलं, किती समंजस बाई आहे, उलटून एक शब्द नाही, नाहीतर लोक लगेच सुनेचीच बाजू घेतात!"

"फुकट नाही गेली," कप्तान म्हणाले. "मला दोन्ही कानांनी पाठ आहेत."

फिटर हसला, काकू हसल्या, ती हसली. नवरा हसला नाही. तो शिडीच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडे, मग त्या कानाकडे बघायला लागला, जणू बाहेरून काही दिसणार होतं. "जेवताना मी भिंतीकडे बसतो," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे उजवीकडे."

"हो."

"मी तुला शाळेच्या शेडमधल्या, पोरांच्या गोष्टी सांगायचो. तू हूं म्हणायचीस आणि ताटात बघायचीस. मला वाटलं, हिला आता आपला कंटाळा आलाय. मग मी सांगायचं सोडलं."

"कधी सोडलंस?"

"झाले असतील पाच-सहा महिने."

हे तिच्या हिशेबात कुठंच नव्हतं. ती समजत होती की तो बोलतोय आणि आपल्याला ऐकू येत नाही. आणि तिकडे त्यानं बोलणंच बंद केलं होतं. इतके महिने ती मुक्या पाइपावर कान लावून आपल्या कानाला दोष देत बसली होती. दोन्ही टोकांना शांतता होती आणि मधल्या मातीत पाणी कुठं मुरत गेलं, त्याचा डागसुद्धा वर आला नव्हता. तिला एकदम त्याचा राग आला, मग स्वतःचा, मग दोन्ही राग एकमेकांवर तिरपे निजले आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळेना. "परत गेल्यावर साहेबांना सांगणार आहे मी," ती म्हणाली. "अर्ज-बिर्ज नाही, समोर उभी राहून. डावा कान शाबूत आहे. टेबलावर नाही बसणार, सळई घेऊनच फिरणार. नसेल चालत तर तसं त्यांनी माझ्या डाव्या बाजूला उभं राहून म्हणावं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

तो उठला, आणि पिशवीजवळ गेला. तिला वाटलं आता खांद्याला लावेल. त्यानं ती पायानं बाकाखाली सरकवली, कारण ती सुकाणूच्या आड येत होती. मग एक बारीक दोरी काढून तिचं एक टोक त्यानं सुकाणूपाशी बांधलं आणि दुसरं खाली तिच्या मनगटाला गुंडाळलं. "इंजिन चालू असताना हाक मारणार नाही. दोरी ओढीन. एकदा ओढली तर वर बघ. दोनदा ओढली तर वर ये."

"तीनदा ओढली तर?"

"तीनदा ओढली तर चहा."

"चहा मी खालून करायचा आणि दोरी तू वरून ओढायची! बरं आहे," ती म्हणाली. काकू धक्क्यावरून म्हणाल्या, "हे आमच्याकडेही बांधून घ्या हो." कप्तानांनी टोपी काढून दोर सोडले. "पीठ चांगलं फुगलंय," ते बोटीच्या फळ्यांकडे बघून म्हणाले, "आता भट्टीत सारा."

इंजिन पुन्हा लागलं. धक्का मागे सरकला, उतारावरचे मोकळे टेकू लहान होत गेले. ती ग्लँडपाशी बसली आणि तिनं नटाच्या खाली तळहात टेकवला. पितळ कोमट होतं. कोरडं होतं. तिनं पाना लावला आणि केसभर सैल केलं, मग आणखी केसभर. हाताला वाटत होतं की आपण काहीतरी वाईट करतोय. दांडा फिरत राहिला. मग नटाच्या कडेला पाणी जमलं, जाड झालं, लोंबलं, आणि पडलं. तिला आवाज आला नाही. तळहाताला आला. थोड्या वेळानं दुसरा. पितळ गार व्हायला लागलं. तिचा हात आपसूक पुन्हा पान्याकडे गेला, नेहमीसारखा, आणि तिनं तो जाताना पाहिला. दोरी एकदा ओढली गेली. तिनं वर बघितलं. नवरा सुकाणूच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला होता, दांडी धरायला त्याला तिथून अडचण होत होती, कोपर बाकाला घासत होतं. पण तिथून तो तिच्या डावीकडे येत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. शाळेच्या शेडमधल्या कुणाची तरी गोष्ट होती. सुरुवात निसटली होती. "थांब," ती ओरडली, "पहिल्यापासून सांग." पाना तिनं पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.